गुण माझे, गरज त्यांची

गुण म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कोणी समजावून सांगायला नको. दहावीची गुणवत्ता यादी, इंजिनिअरिंगचा कट-ऑफ, अर्ध्या टक्क्याने हुकलेला प्रवेश यातच आम्ही वाढलो. त्यामुळे २०१९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाचा गुणतक्ता पहिल्यांदा समोर आला तेव्हा तो मला परका वाटला नाही. उलट बरंच वाटलं. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी या प्रत्येकाला ठरलेले गुण, आणि बेरीज ६५ झाली की तुम्ही पात्र. ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. साखर कारखान्याच्या लेखा विभागात काम करणारा माझा नवरा तर तो तक्ता पाहून खूशच झाला. म्हणाला, "हिशेब स्वच्छ आहे."

हिशेब स्वच्छ होता, यात वाद नाही. पण पात्र ठरणं आणि निवड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यात एक अख्खं राज्य सरकार उभं असतं, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

मी सिव्हिल इंजिनिअर. पदवी २००५ ची, सांगलीची. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली: जॅकवेल, पंपहाऊस, रायझिंग मेन, उंच टाक्या आणि वाड्यावस्त्यांवर जाणारं वितरणाचं जाळं. २०१९ मध्ये माझं वय छत्तीस. तक्त्यात २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि पंचेचाळिशी पूर्ण झाली की दार बंद. म्हणजे वयाचे २५. पदवीचे १५. इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सात बँड मिळाले की १०. नवऱ्याने इंग्रजीत सहा-सहा बँड आणले तर त्याचे ५. हा जोडीदाराचा नियम त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आला होता. त्याच महिन्यात 'सबक्लास ४९१' नावाचा नवा व्हिसाही सुरू झाला: सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून देशात कुठेही पाच वर्षं राहायची आणि काम करायची मुभा, तीन वर्षांनंतर कायमच्या व्हिसासाठी अर्ज. अट एकच, एखाद्या राज्याने तुमचं नामांकन करायला हवं किंवा त्या भागात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाने. आमचं तिकडे कोणी नव्हतं. राज्याने नाव घेतलं की आणखी १५ गुण. थेट कायमचा असलेला '१९०' व्हिसाही राज्याच्याच नामांकनावर मिळतो, पण त्याला फक्त ५.

या सगळ्याच्या आधी व्यवसायाची पारख होते. इंजिनिअरांची पारख 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था करते. भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला २०१४ साली, तोही ठरावीक मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांपुरता. माझी पदवी त्याच्या कितीतरी आधीची. त्यामुळे मला आपल्या कामाचा लेखी अहवाल द्यावा लागणार होता. त्यात तीन 'करिअर एपिसोड', म्हणजे आपण केलेल्या तीन कामांच्या सविस्तर हकिकती, प्रत्येकी एक हजार ते अडीच हजार शब्दांच्या. पुण्यातल्या एका सल्लागाराने फोनवर सांगितलं, "मॅडम, एपिसोड तयार असतात आमच्याकडे. फक्त प्रोजेक्टचं नाव बदलायचं." नकलेची तपासणी तिकडे संगणकावर होते आणि पकडलं गेलं तर पुढे काही काळ अर्जच करता येत नाही, हे मी वाचलं होतं. शिवाय स्वतःचं काम दुसऱ्याने लिहिलेलं मला चाललंही नसतं.

लिहायला बसले तेव्हा अडचण वेगळीच निघाली. एक हकीकत मी गळतीची निवडली होती. एका प्रादेशिक योजनेत शेवटच्या तीन गावांना रात्री दाबच मिळत नव्हता. काळी माती, वर ऊस, आणि जमिनीवर ओलाव्याचा पत्ता नाही, कारण पाणी खालच्या भेगांतून ओढ्याला जात होतं. मी एअर व्हॉल्व्हच्या चेंबरांत दाबमापक बसवून वाचनं घेतली, दाबाची उताररेषा कागदावर काढली आणि रेषा कुठल्या टप्प्यात अचानक मोडते ते शोधलं. त्या टप्प्यात गळतीची नेमकी जागा सापडली ती आमच्या फिटरमामांमुळे. पहाटे तीनला, गावचे पंप बंद असताना, ते सहा फुटी सळईचं एक टोक जमिनीत रोवायचे, दुसरं कानाच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पाच-सहा ठिकाणी नकारार्थी मान हलवली. मग एका बांधाजवळ म्हणाले, "ताई, हितं खणा." खणलं. जोडाची रबरी रिंग सरकली होती.

अहवालाची अट अशी की संघाने काय केलं ते नको, तुम्ही स्वतः काय केलंत, कुठला निर्णय कुठल्या आधारावर घेतलात, ते सांगा. अट रास्तच आहे. पारख माझी व्हायची होती, योजनेची नाही. मी लिहिलं: मी दाब मोजला, मी विश्लेषण केलं, मी टप्पा निश्चित केला, मी दुरुस्तीवर देखरेख केली. एकही वाक्य खोटं नव्हतं. मामा मात्र अख्ख्या मजकुरात अर्ध्या ओळीत बसले, 'कुशल तंत्रज्ञाच्या साहाय्याने' म्हणून. ज्या कामाला प्रमाणपत्र नाही ते या तक्त्यात नसतंच. या व्हिसासाठी मामांचं नाव कोणत्याही राज्याने घेतलं नसतं, आणि मी त्यांच्या कानावर विसंबून इंजिनिअर म्हणून पास झाले.

तेच अनुभवाच्या बाबतीत. ऑस्ट्रेलियाबाहेरच्या आठ किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाला १५ गुण, पाच ते सातला १०. मी चौदा वर्षं काम करत होते, म्हणजे प्रश्नच नको असं वाटेल. पण नोकरीची पहिली सात वर्षं एका ठेकेदाराकडे गेली होती आणि पगार रोखीत होता. फॉर्म १६ नाही, पीएफ नाही, बँकेत जमा नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला, मुलीची चौकशी केली आणि म्हणाले, "पत्र काय ताई, चार देतो. लेटरहेडवर, शिक्क्यानिशी. पण पगाराचे कागद कुठनं आणू आता?" मनाने उमदा माणूस. पहिला जॅकवेल मी त्यांच्याच साइटवर पाहिला, पुरात कॉफर डॅम वाहून जाताना पाहिला, मजुरांची हजेरी आणि सिमेंटचा हिशेब तिथेच शिकले. त्यातलं काहीही मोजलं गेलं नाही. मोजली गेली ती २०१२ पासूनची कोल्हापूरच्या कंपनीतली नोकरी, कारण तिथे पीएफचं पासबुक होतं. सात वर्षं, म्हणजे १० गुण.

बेरीज ६५ झाली. ४९१ चे १५ धरून ८०. 'स्किलसिलेक्ट' या सरकारी प्रणालीत आमची इच्छानोंदणी झाली तेव्हा घरात पेढे यायचेच बाकी होते. ही नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. आपण रांगेत आहोत एवढंच ती सांगते. राज्यं त्या रांगेत डोकावतात, आपल्याला हवी ती नावं उचलतात आणि बाकीची नावं तशीच राहतात. कोणी नकार कळवत नाही, कारण नकार द्यायला मुळात अर्जच झालेला नसतो.

आणि मग २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या. एकामागून एक राज्यं म्हणू लागली की देशाबाहेरच्या उमेदवारांचा सध्या विचार नाही, इथे आधीपासून असलेल्यांनाच प्राधान्य. २०२०-२१ साठी प्रादेशिक गटात सगळ्या देशाला मिळून ११,२०० जागा ठेवल्या होत्या. आमची नोंदणी तिथेच पडून होती. मला शिकवल्याप्रमाणे मी वागले. निकाल लागत नाही म्हटल्यावर गुण वाढवायला लागले.

अनुभवाची आठ वर्षं २०२० मध्ये आपोआप पूर्ण झाली, ५ गुण वाढले. आणखी ५ गुण मिळवायचा मार्ग मराठीतून जात होता. नाटी ही तिथली अनुवादक आणि दुभाष्यांची राष्ट्रीय संस्था. तिची समाजभाषांची परीक्षा उत्तीर्ण झालं की हे गुण मिळतात, आणि करोनाकाळात ती घरी बसून ऑनलाइन देता येऊ लागली. दोन संवाद ऐकायचे, एक माणूस इंग्रजी बोलणारा, एक मराठी. दर तुकड्यानंतर थांबून तुम्ही तो दुसऱ्या भाषेत सांगायचा. तुकडा जास्तीत जास्त ३५ शब्दांचा. नव्वदपैकी त्रेसष्ट गुण हवेत आणि दोन्ही संवादांत किमान एकोणतीस.

सराव सासूबाईंबरोबर झाला. नवरा इंग्रजी डॉक्टर, सासूबाई मराठी पेशंट, मी मधे वही घेऊन. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? सासूबाईंनी गुडघ्यापासून सुरुवात केली, तिथून त्या २००५ च्या महापुरात गेल्या, पुरात जिन्यावरून घसरलेल्या जाऊबाईंकडे वळल्या, जाऊबाईंच्या सुनेचा स्वभाव सांगितला आणि परत गुडघ्यावर आल्या. "अहो आई, पस्तीस शब्द!" मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "दुखणं काय शब्द मोजून दुखतंय होय?" दोन आठवड्यांनी मात्र त्या इतक्या तयार झाल्या की बरोबर पस्तीस शब्दांच्या आत थांबून माझ्याकडे बघायच्या, आणि मी एखादा तपशील गाळला तर डॉक्टरांच्या आधी त्याच पकडायच्या. परीक्षेत विषय आला भाड्याच्या घराचा आणि दुरुस्तीचा. पास झाले ते सासूबाईंच्या शिकवणीवर.

आता माझी स्वतःची बेरीज ७५ होती. ४९१ सह ९०. एवढे गुण मी आयुष्यात कधी पाहिले नव्हते, आणि घडत मात्र काहीच नव्हतं. मधल्या काळात इच्छानोंदणीची दोन वर्षांची मुदत संपली, ती नव्याने केली. इंग्रजीचा निकाल तीन वर्षं चालतो, तोही सरत आला, ती परीक्षा पुन्हा दिली. व्यवसायाच्या पारखीलाही तीन वर्षांचीच मुदत धरतात, म्हणजे तीही फी पुन्हा भरली. नवऱ्याने दुसऱ्यांदा इंग्रजीच्या परीक्षेला बसताना एवढंच विचारलं, "या वेळी तरी तेच प्रश्न विचारतील का?"

२०२२ मध्ये सीमा पूर्ण उघडल्या आणि तिकडे मनुष्यबळाचा तुटवडा एकदम उघडा पडला. दोन वर्षं बाहेरून कोणी आलं नव्हतं. रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या, शाळांना शिक्षक, बांधकामांना इंजिनिअर. सप्टेंबरात सरकारने त्या वर्षीच्या कायम स्थलांतराची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून १ लाख ९५ हजारांवर नेली. त्यात प्रादेशिक गटाला ३४ हजार जागा होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या ११,२०० शेजारी हा आकडा ठेवून बघा. राज्यांनी देशाबाहेरच्या नोंदण्या पुन्हा उघडायला सुरुवात केली.

दर राज्याची तऱ्हा वेगळी. कॅनबेराच्या प्रशासनाचा स्वतःचा वेगळा गुणतक्ता आहे, टास्मानिया उमेदवारांना रंगांच्या श्रेण्या लावतं, काही ठिकाणी तुम्ही त्याच राज्यात का येऊ इच्छिता याचं लेखी उत्तर मागतात: कोणत्या नोकऱ्या पाहिल्या, घरभाडं किती धरलं, टिकून राहाल कशावरून. हे लिहिताना मी दक्षिण ऑस्ट्रेलियाचा अभ्यास केला आणि त्यात रमले. देशातल्या सर्वांत कोरड्या राज्यांतलं हे एक. मरे नदीचं पाणी १९४४ पासून मॉर्गनहून साडेतीनशे किलोमीटरवरच्या व्हायला या शहरापर्यंत नळाने नेलेलं. अॅडलेडला मॅनमपासून आणलेली दुसरी वाहिनी १९५५ ची. वर समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्प. मी त्यांना मैदानांचं आणि समुद्रकिनाऱ्यांचं कौतुक लिहिलं नाही. जुन्या वाहिन्यांच्या देखभालीबद्दल लिहिलं. ते कोणी वाचलं का, मला माहीत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मला चाळीस वर्षं पूर्ण झाली. तक्त्यातले १० गुण त्या दिवशी गेले. प्रणाली वयाचा हिशेब स्वतःच करते, केक कापायच्या आधीच आकडा उतरलेला होता. स्वतःचे ६५, नामांकनासह ८०. म्हणजे २०१९ मध्ये जिथून निघाले होते, बरोबर तिथे. पारखीची दुसरी फी, इंग्रजीची दुसरी परीक्षा, नाटी, सगळं वजा जाऊन शिल्लक शून्य. त्या रात्री नवरा म्हणाला की आता पुरे, आणि मलाही ते पटत होतं.

त्यानंतर काही आठवड्यांतच दक्षिण ऑस्ट्रेलियाचं निमंत्रण आलं.

नव्वद गुण असताना मी कोणालाही नको होते आणि ऐंशीवर हवी झाले. हुशारी तीच, अनुभव तोच, फिटरमामांची गळतीही तीच. बदललं होतं ते तिकडचं. त्यांच्या यादीत सिव्हिल इंजिनिअर वर सरकला होता आणि जागा तिप्पट झाल्या होत्या. गुणांनी मला रांगेत उभं राहायची परवानगी दिली होती. रांग हलली ती त्यांच्या गरजेने. लहानपणापासून 'गुण मिळाले म्हणजे आपण लायक' हे इतकं अंगात भिनलेलं असतं की गप्प बसलेलं राज्य आपल्याला नापास करतंय असंच वाटत राहतं. कोणी नापास केलेलं नसतं. त्यांनी आपली मागणीची यादी काढलेली असते आणि त्या वर्षी तीत आपण नसतो.

पुढचं काम सरळ पण खर्चाचं. निमंत्रणानंतर साठ दिवसांत अर्ज भरायचा. मुख्य अर्जदाराची फी तेव्हा ४,२४० डॉलर होती, जोडीदाराची निम्मी, मुलीची पाव, म्हणजे तिघांचे मिळून चार लाखांच्या घरात. शिवाय पोलिसांचा दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडची तपासणी, आणि कधी कुठे राहिलो, कुठे गेलो याची माहिती मागणारे फॉर्म. पीएफच्या घोळ झालेल्या नोंदी नवऱ्याने लेखापालाच्या शिस्तीत लावून दिल्या. २०२४ च्या सुरुवातीला आम्ही अॅडलेडला पोचलो.

नामांकन म्हणजे नोकरी नव्हे. राज्याला इंजिनिअर हवेत हे आकडेवारीने खरं होतं, पण राज्य मुलाखत घेत नाही. मुलाखत कंपनी घेते, आणि कंपनी विचारते, "इथला अनुभव किती?" हा प्रश्न ऐकून मी आधी चिडत असे. मग कामाला लागले आणि त्यात तथ्य आहे हे कळलं. आमच्याकडे ग्रामीण योजना माणशी ५५ लिटरवर आखायची आणि नळ दिवसातून तास-दोन तास चालणार हे धरायचं. रोज रिकामी होणारी आणि रोज भरणारी वाहिनी कशी सांभाळावी, तिच्यातली हवा कशी काढावी, दणका कसा टाळावा, हे मला झोपेतही सांगता येईल. इथली वाहिनी चोवीस तास भरलेली असते. माझं सर्वांत पक्कं ज्ञान इथे कोणाला लागत नाही. इथे आग विझवायला लागणारा प्रवाह, इथली मानकं, जुन्या लोखंडी नळांचं उरलेलं आयुष्य, हे नव्याने शिकावं लागलं. सुरुवात ड्राफ्टिंगच्या कंत्राटी कामाने झाली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली. तो भला होता, शिकवायचाही मनापासून. आता मी वाहिन्यांच्या स्थितीचं मूल्यमापन करते. नवरा एका गोदामात हिशेब बघतो आणि इथली लेखापालाची परीक्षा देतोय. सासूबाई कोल्हापुरात दिरांकडे आहेत. त्यांना इथे कायमचं आणायचं तर तो वेगळा, महागडा आणि फार लांब रांगेचा मार्ग आहे. ४९१ वर असताना तर त्याचं नावही काढता येत नाही.

गावाकडून फोन येतात. भाचेमंडळी, जुने सहकारी, मुलीच्या मैत्रिणीचे वडील. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती गुण लागतात?" मी आकडा सांगत नाही. विचारते, व्यवसाय कोणता, तो या वर्षी कोणत्या राज्याच्या यादीत आहे, देशाबाहेरच्यांना ते राज्य घेतंय का, पगाराचे कागद कुठल्या वर्षापासून आहेत, आणि वयाचा पुढचा टप्पा कधी ओलांडणार. गुण यानंतर मोजू. काहींना ही टाळाटाळ वाटते. एका भाच्याने तर सुनावलं, "मावशी, तुला मिळालं म्हणून तू असं बोलतेस." असेलही. पण मला मिळालं ते कमी गुणांवर, हे त्याला सांगूनही पटत नाही. आपल्याकडे हे कोणालाच पटत नाही.

२०२७ मध्ये मी कायमच्या व्हिसासाठी, १९१ साठी अर्ज करू शकेन. त्याला गुणतक्ता नाही, नामांकन नाही. सांगितलेल्या भागात राहिलात का आणि तीन वर्षांचे कराचे कागद आहेत का, एवढंच विचारतात. माझ्या वयात तोपर्यंत आणखी भर पडलेली असेल आणि इंग्रजीचा निकाल पुन्हा बाद झालेला असेल, पण त्याने काही बिघडणार नाही. कराचे कागद मात्र नवरा आतापासून फायलीला लावतोय.